तिकीट नसलेला दिवस

व्यापारी घरात ‘फुकट’ हा शब्द जपून वापरतात. जे फुकट मिळते त्याची किंमत दुसऱ्या कोणत्या तरी खात्यातून वसूल होतच असते, हे पेढीवर बसू लागलेल्या मुलाला जमाखर्च शिकण्याआधी समजलेले असते. म्हणूनच की काय, वर्षातून काही ठरावीक दिवशी केंद्र सरकार आपल्या पुरातन वास्तूंची तिकीटखिडकी बंद ठेवते आणि येईल त्याला आत सोडते, ही गोष्ट आपल्या समाजात फारशी कोणी मनावर घेत नाही. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते, वाचणारा पान उलटतो.

या सवलतीचा हिशेब सरळ आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे ३,६०० हून अधिक संरक्षित स्मारके असून त्यांपैकी तिकीट लावलेली दीडशेच्या आसपासच आहेत. २०१८ मध्ये ठरलेल्या दरानुसार जागतिक वारसा यादीतील स्थळी भारतीय नागरिकास ४० रुपये आणि इतर तिकीट असलेल्या स्थळी २५ रुपये पडतात. रोख न देता रक्कम भरल्यास पाच रुपये कमी होतात. परदेशी पाहुण्यास हेच दर ६०० आणि ३०० रुपये आहेत. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागतच नाही. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि १९ नोव्हेंबर हा वारसा सप्ताहाचा पहिला दिवस, या दोन दिवशी सर्वांना प्रवेश विनामूल्य असतो. ८ मार्चला महिलांना तिकीट नसते. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त २०२२ मध्ये ५ ते १५ ऑगस्ट असे सलग अकरा दिवस दरवाजे मोकळे होते.

म्हणजे माणशी वाचतात ते चाळीस रुपये. कोल्हापुरात एवढ्या पैशांत एक मिसळसुद्धा नीट होत नाही. तेवढ्यासाठी साडेचारशे किलोमीटर जाण्यात कोणता शहाणपणा, असा प्रश्न लक्ष्मीपुरीतील एका धान्याच्या पेढीवर २०२३ च्या दिवाळीत निघाला होता, आणि तो गैर नव्हता.

त्या पेढीची थोडी माहिती सांगणे आवश्यक आहे. वडिलांनी सुरू केलेली अडत, त्यांच्या पश्चात दोन मुलगे चालवीत होते. थोरल्यांना जुनी घाऊक अडत, ठरलेली गिऱ्हाइके आणि कर्जाविना धंदा हीच रीत पसंत. धाकट्यांना तांदूळ आणि डाळी स्वतःच्या छापील पिशवीत भरून मोठ्या दुकानांना पुरवायच्या होत्या आणि त्यासाठी बँकेकडे जाण्याची त्यांची तयारी होती. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते, आणि अशाच वेळी वाटणी अटळ होते. गोदाम, माल, येणे, देणे, दोन गाड्या, सर्वांची किंमत ठरली होती. अडले होते ते एकाच ठिकाणी. पेढीला वडिलांचे नाव होते, त्या नावाची किंमत किती आणि ते नाव कोणी लावायचे? हिशेबाच्या भाषेत याला नावलौकिकाचे मूल्य म्हणतात. ते काढण्याच्या रीती पुस्तकात दिलेल्या आहेत. परंतु भावाभावांच्या वाटणीत पुस्तकातील रीत लावू गेल्यास आकडा निघतो आणि माणसे दुरावतात, हे ज्यांनी अशा वाटण्या जवळून पाहिल्या त्यांना ठाऊक आहे. सहा महिने दोघे दुकानात समोरासमोर बसत होते आणि एकमेकांशी दिवाणजींमार्फत बोलत होते.

त्यांची आई शहात्तर वर्षांची, गुडघ्यांनी अधू. वीर निर्वाण संवत २५५० सुरू झाले त्या पाडव्याला वहीपूजन आटोपल्यावर तिने सांगितले, “मला वेरूळची जैन लेणी बघायची आहेत. तुमच्या वडिलांनी नेतो म्हणून सांगितलं होतं, राहून गेलं. दोघांनी मिळून न्या. वेगवेगळं मी कुठं जाणार नाही.” मिळून न्या, या दोन शब्दांत तिने काय मागितले ते सर्वांना कळले. १९ नोव्हेंबर ही तारीख थोरल्यांनी काढली. रविवार, मुलांना सुटी, दुसऱ्या दिवसापासून अष्टाह्निका पर्व, आणि तिकीट नाही. शेवटचा मुद्दा त्यांनी हसत सांगितला, परंतु कागदावर मांडून दाखविला. माणसे अकरा, त्यांतील चार मुले पंधरा वर्षांखालील, म्हणून तिकिटाची माणसे सात. वेरूळ २८०, देवगिरीचा किल्ला १७५, शहराजवळची औरंगाबाद लेणी १७५, बीबी का मकबरा १७५. एकूण बचत ८०५ रुपये. टेम्पो ट्रॅव्हलरची आगाऊ रक्कमच याच्या कित्येक पट होती, हे त्या कागदावर नव्हते.

घरातील कोणी टाउन हॉलमधील संग्रहालय पाहिले होते काय, असे मध्येच विचारावेसे वाटते. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेवाची रोमन ब्राँझमूर्ती त्या संग्रहालयात आहे. ही मूर्ती भूमध्य समुद्राकडून पंचगंगेच्या काठी आली ती व्यापाराच्याच वाटेने. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर केंद्राच्या संरक्षणाखाली असून तेथे वर्षातील कोणत्याही दिवशी तिकीट नाही. जवळच आदिनाथांचे प्राचीन जिनमंदिर आहे. जे रोजच विनामूल्य आहे त्याची बातमी होत नाही आणि तेथे जाण्याची तारीखही ठरत नाही. विनामूल्य दिवसाचा खरा उपयोग कदाचित एवढाच असावा की तो कॅलेंडरवर एक खूण करतो. ही खूण नसती तर त्या आईची इच्छा आणखी काही वर्षे ‘बघू’ या खात्यात पडून राहिली असती.

विनामूल्य प्रवेश ही कल्पना मुळात नवी नाही. लंडनचे ब्रिटिश संग्रहालय १७५९ मध्ये उघडले तेव्हापासून तेथे प्रवेशाला पैसे नव्हते. मात्र सुरुवातीला आत जाण्यासाठी लेखी अर्ज करून परवानापत्र मिळवावे लागे, आणि अर्ज करता येणारा, वेळ असणारा, सभ्य समजला जाणारा माणूसच बहुधा आत पोहोचे. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याच्या शेवटच्या रविवारी विनामूल्य असतात आणि त्या दिवशी तटाच्या बाहेर लांबच लांब रांग लागते. पैसे घेतले नाहीत तर वेळ घेतला जातो, गर्दीचा त्रास घेतला जातो. खाते बदलते, वसुली होते. वेरूळलाही तेच झाले.

शनिवारी पहाटे निघून पुणे आणि नगरमार्गे ही मंडळी संध्याकाळी वेरूळला पोहोचली. लेण्यांपासून जवळच पार्श्वनाथ ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल आहे. कुंभोजच्या बाहुबली आश्रमाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या समंतभद्र महाराजांच्याच प्रेरणेची ही परंपरा, त्यामुळे कोल्हापूरकडील श्रावकाला तेथे परके वाटत नाही. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, उकळलेले पाणी, पहाटेची प्रार्थना हे सर्व ओळखीचे.

थोरल्यांच्या कागदावर वेळापत्रक होते. सकाळी सहा ते नऊ वेरूळ, दहा ते बारा किल्ला, एक ते दोन औरंगाबाद लेणी, तीन ते चार मकबरा, आणि साडेपाचला परत भोजनाला. व्यापारी माणसाच्या मनाची ही घडण आहे. एक माल स्वस्त मिळतो म्हटल्यावर तो एक पोते घेत नाही, ट्रक भरतो. तिकीट असते तर त्यांनी कदाचित वेरूळ आणि किल्ला एवढेच ठरविले असते. तिकीट नाही म्हणून चार स्थळे झाली. स्वस्ताईने माणूस आधी अधाशी होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

वेरूळची चौतीस लेणी एका सरळ ओळीत आहेत. दक्षिणेकडील पहिली बारा बौद्ध, पुढची तेरा ते एकोणतीस हिंदू, आणि उत्तरेच्या टोकाला तीस ते चौतीस ही जैन. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर समोरच सोळावे, म्हणजे कैलास लेणे येते; राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणलेले हे काम. सकाळी साडेसात वाजताच तेथे जत्रा भरली होती. आईवडिलांच्या खांद्यांवर मुले, हत्तीच्या मूर्तीशेजारी उभे राहून छायाचित्रे, पहारेकऱ्यांच्या शिट्ट्या, एकाच्या हातात चिप्सची पिशवी, दुसऱ्याच्या हातात देवाला आणावा तसा नारळ. तक्रार करण्याचा मोह होतो. परंतु त्या गर्दीत आसपासच्या खेड्यांतून आलेली पुष्कळ माणसे होती. घरातील सहा जणांचे २४० रुपये ही त्यांच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हे. धाकट्या सुनेशी बोलताना एक बाई म्हणाल्या की, त्या पंधरा किलोमीटरवर राहतात आणि आत पहिल्यांदाच आल्या आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी कदाचित याच डोंगरात छिन्नी चालविली असेल त्यांना आत येण्यासाठी सरकारच्या तारखेची वाट पाहावी लागावी, हे मनाला खटकते खरे.

कैलासापासून जैन लेण्यांपर्यंत सुमारे मैलभर अंतर आहे. गर्दीतील शंभरांतील पाचही माणसे तिथवर येत नाहीत. कैलास पाहून झाला की वेरूळ पाहून झाले, असा सर्वसाधारण समज आहे आणि वाटाडेही तो फारसा दूर करीत नाहीत. त्यामुळे बत्तिसाव्या लेण्याच्या अंगणात ही अकरा माणसे शिरली तेव्हा तेथे दोन पहारेकरी आणि पाठीवर पिशवी अडकविलेले एक परदेशी जोडपे एवढेच होते.

या लेण्याला इंद्रसभा म्हणतात. नाव चुकीने पडलेले आहे. हत्तीवर बसलेला पुरुष आणि सिंहावर आम्रवृक्षाखाली बसलेली स्त्री पाहून कोणी तरी त्यांना इंद्र-इंद्राणी समजले. वास्तविक तो यक्ष आहे आणि ती बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची यक्षी अंबिका आहे. अंगणाच्या मधोमध एकाच दगडातून कोरलेले चार दिशांना उघडे असलेले मंदिर, एका बाजूस मानस्तंभ, दुसऱ्या बाजूस पूर्णाकृती हत्ती. आत दुमजली लेणे. खालचा मजला अपुरा राहिलेला, वरचा पूर्ण. वरच्या छताला मोठे कमळ कोरलेले असून जुन्या रंगचित्रांचे अंश अजून तग धरून आहेत. हे सर्व नवव्या-दहाव्या शतकांतील. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचे गुरू आचार्य जिनसेन यांचा तो काळ, किंवा त्याच्या लगतचा. राजे कोण होते ते आपल्याला माहीत आहे, कोरणारे कोण होते ते नाही. एका खांबावरच्या शांतिनाथ प्रतिमेपाशी सोहिल नावाच्या ब्रह्मचाऱ्याने ती करविल्याचा लहानसा लेख आहे, तेवढाच. बाकीच्यांनी पावती मागितलेली दिसत नाही.

आईने अंगणातच चपला काढल्या. पहारेकरी समजावणीच्या सुरात म्हणाला, “आजी, इथं पूजा होत नाही. चपला असू द्या, खडे टोचतील.” तिने त्याला नमस्कार केला आणि अनवाणीच पुढे गेली. तिच्या हातपिशवीत अक्षतांची पुरचुंडी होती. ती तिने बाहेर काढली नाही. संरक्षित स्मारकात अक्षता वाहू नयेत, हे तिला कोणी सांगितले नव्हते. बहुधा तिने ते त्या जागेवरून जाणले असावे. आपल्याकडील पुष्कळ मंडळी अशा ठिकाणी दोन चुका करतात. कोणी हळद-कुंकू, दूध वाहून दगडाचे नुकसान करतात, तर कोणी ‘हे काही मंदिर नाही’ असे म्हणून जिनप्रतिमेच्या पायाशी पाण्याची बाटली टेकवून बसतात. दर्शन आणि पाहणे यांच्यामध्ये एक तिसरी रीत आहे. ती त्या बाईला ठाऊक होती.

वेरूळच्या जैन लेण्यांत एक जोडी वारंवार दिसते. एका बाजूस कमठाचा उपसर्ग सोसणारे, धरणेंद्राच्या फण्यांखाली उभे असलेले पार्श्वनाथ आणि समोरच्या बाजूस वेलींनी वेढलेले बाहुबली. कोल्हापुरातील मुलांना बाहुबली माहीत आहेत ते कुंभोजच्या डोंगराचे. १९६३ साली उभी राहिलेली अठ्ठावीस फुटांची शुभ्र संगमरवरी मूर्ती, वर आकाश आणि भोवती कोणी नाही. धाकट्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, “आजी, हे बाहुबली एवढे लहान का? आणि यांच्याजवळ बायका का आहेत?” आजी पायरीवर बसली. त्या वेली काढणाऱ्या विद्याधरी आहेत, असे तिने सांगितले. पायाशी हरणे आहेत, साप आहेत, ती दाखविली. मग तिने ती कथा सांगितली, जी तिने चातुर्मासातील प्रवचनांत दरवर्षी ऐकली होती.

कथा वाचकांना पाठ आहे, तिचा विस्तार नको. दोन भाऊ, एक राज्य. सैन्ये लढवून माणसे मारण्याऐवजी दोघांनीच लढावे असे मंत्र्यांनी सुचविले, म्हणून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध झाले. तिन्हींत धाकटा जिंकला आणि जिंकलेले टाकून निघून गेला. वर्षभर उभा राहिला, अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान होईना. का होईना, याचे उत्तर अनेकांनी अनेक प्रकारे दिले आहे. भरताच्या भूमीवर आपण उभे आहोत हे शल्य, असे लोकांत प्रसिद्ध आहे. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात जे कारण आहे ते अधिक सूक्ष्म आहे. माझ्यामुळे भरताला क्लेश झाला, एवढाच विचार त्यांच्या मनात उरला होता. भरताने येऊन पूजा केली आणि तो विचार सुटला. आजीने हेच कारण सांगितले. आदिपुराण तिने वाचले नव्हते. कोणा महाराजांच्या मुखातून ऐकले असेल. ती नातवंडांकडे पाहून बोलत होती, मुलांकडे एकदाही पाहिले नाही.

त्यानंतर कोणी उठले नाही. दहा वाजले. ड्रायव्हरचा फोन आला की, पार्किंगमध्ये गाड्यांची कोंडी होत आहे, किल्ल्याला जायचे तर आत्ता निघावे लागेल. थोरल्यांनी खिशातून कागद काढला, पाहिला आणि पुन्हा घडी घातली.

येथे हिशेबाचा एक बारीक मुद्दा आहे. उधारीच्या धंद्यात नवख्या माणसाकडून होणारी मोठी चूक कोणती? जुने येणे बुडू नये म्हणून त्याच गिऱ्हाइकाला आणखी माल देत राहणे. गेलेला पैसा माणसाला पुढे ओढत नेतो. प्रवासातही तसेच घडते. तिकीट काढलेले असले की पाय दुखत असले तरी माणूस सर्व दालने पालथी घालतो, मुलाला कंटाळा आला तरी हाताला धरून फिरवितो, कारण पैसे वसूल व्हायचे असतात. वस्तुतः पैसे गेलेले असतात. पाहिले काय आणि न पाहिले काय, ते परत येत नाहीत. त्या दिवशी किल्ल्याचे तिकीट नव्हते, मकबऱ्याचे नव्हते, औरंगाबाद लेण्यांचे नव्हते. तिथे न गेल्याने बुडणार असे काहीच नव्हते. ज्या स्वस्ताईने यादी वाढविली होती तिनेच यादी सोडून देणेही सोपे केले. थोरले म्हणाले, “आई, किल्ला राहू दे. इथंच बसू.” धाकट्यांनी ड्रायव्हरला फोन करून गाडी सावलीत लावायला सांगितले.

सुना मुलांना घेऊन शेजारच्या जगन्नाथसभेत आणि छोट्या कैलासाकडे गेल्या. आई, तिच्या एका बाजूस थोरला, दुसऱ्या बाजूस धाकटा, असे तिघे वरच्या मजल्याच्या ओसरीत बसून राहिले, तास-दीड तास तरी. तेथे काय बोलणे झाले, किंवा झाले की नाही, ते त्या तिघांचे आहे. पहारेकऱ्याने एकदा डोकावून पाहिले आणि काही न बोलता परत गेला. गर्दीच्या दिवशी माणसे पुढे सरकविणे हे त्याचे काम. या टोकाला पुढे सरकविण्याजोगे मागे कोणी नव्हते.

दुपारी गुरुकुलात भोजन झाले. दोन वाजता अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला आणि थोरल्यांचा वीस वर्षांचा मुलगा मोबाइल घेऊन झाडाखाली बसला. सामन्यामुळे लेण्यांतील गर्दीही ओसरली असावी. रस्त्यावरून शहराकडे परतणाऱ्या गाड्यांची रांग दिसत होती. चारच्या सुमारास आजीने अक्षतांची पुरचुंडी नातवंडांच्या हाती दिली आणि त्यांना डोंगरावर पाठविले. जैन लेण्यांच्या वरच्या अंगास डोंगरावर पार्श्वनाथांची भव्य पद्मासनस्थ मूर्ती आहे. तिच्यावरील लेखात शके ११५६ म्हणजे इसवी सन १२३४-३५ असा काळ असून वर्धनापूरच्या चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने ती करविली असे नोंदलेले आहे. त्याच्या आजोबांचे, वडिलांचे नाव त्यात आहे; घराण्याची ओळख अशी दगडात जपून ठेवण्याची हौस तेव्हाही होती म्हणायची. तेथे पूजा आजही चालते. आजी पायऱ्यांच्या तळाशी उभी राहून वर पाहत होती. मुले खाली आली तेव्हा पुरचुंडीचे फडके रिकामे होते आणि थोरल्या नातवाच्या चेहऱ्यावर सामन्याची चिंता होती. भारताचा डाव २४० धावांत संपला होता. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. त्या रात्री गुरुकुलाच्या खोलीत त्याचे कोणी सांत्वन केले नाही.

सोमवारी परतीला निघताना मकबरा पाहावा असे धाकट्या सुनेने सुचविले. त्या दिवशी तिकीट होते. सातजणांचे १७५ रुपये थोरल्यांनी मोजून दिले, आणि मग जी धावपळ झाली ती पाहण्यासारखी होती. औरंगजेबाच्या मुलाने, आझमशहाने, आपल्या आईसाठी, दिलरसबानू बेगमेसाठी, सतराव्या शतकात बांधलेली ही वास्तू. चारही मिनारांभोवती मुले पळविली गेली, प्रत्येक जाळीतून डोकावून झाले, कारंज्यांसमोर तीन ठिकाणी छायाचित्रे निघाली आणि पंचवीस मिनिटांत सर्व मंडळी गाडीत. तेथील वाटाड्याने एका जुन्या तवारिखीतील बांधकामखर्च सांगितला, ६,६८,२०३ रुपये ७ आणे. तो सात आण्यांचा आकडा ऐकून दोघे भाऊ एकाच वेळी हसले. बादशाही काम असले तरी लिहिणारा कारकून पक्का होता, असे धाकटे म्हणाले. सहा महिन्यांत दिवाणजींच्या मध्यस्थीविना झालेले दुकानाबाहेरचे ते पहिले संभाषण असावे, अशी थोरल्या सुनेची नोंद आहे.

वाटणी थांबली नाही. मार्चअखेर कागदपत्रे पुरी झाली. सनदी लेखापालांच्या आणि वकिलांच्या पुष्कळ बैठका झाल्या आणि त्यांत कटू बोलणेही झाले. वेरूळला गेल्यामुळे सर्व गोड झाले असे लिहिणे खोटे ठरेल. नाव अखेर थोरल्यांकडे राहिले आणि त्याचा मोबदला म्हणून गोदामाचा मोठा भाग धाकट्यांना मिळाला. धाकट्यांनी नव्या नावाने पिशव्या छापल्या. बँकेने कर्ज मंजूर केले. जुन्या दुकानाच्या पाटीखाली आता एकच गादी आहे.

मात्र वाटणीपत्राच्या यादीत शेवटी एक ओळ आहे, जी लेखापालांना नको होती. जुन्या पेढीच्या खतावणीत आईच्या नावाचे एक यात्राखाते होते. वेरूळच्या प्रवासाचा खर्च त्यातच पडला होता, गाडीभाडे, गुरुकुलास देणगी, मकबरा प्रवेश १७५, आणि वेरूळ प्रवेशापुढे निरंक. ते खाते वाटले गेले नाही. दोन्ही पेढ्यांनी त्यात दरवर्षी पाडव्याला सारखी रक्कम जमा करावी असे ठरले. २०२४ साली १९ नोव्हेंबरला मंगळवार आला, आणि मंगळवारी वेरूळ बंद असते. त्या वर्षी आईला घेऊन दोघे खिद्रापूरला गेले.